साडेसात तासांची रेघ

कृष्णकांत हुपरीकरांनी लग्नाच्या सतरा वर्षांत बायकोसाठी कधी गजरा आणल्याचं कुणाला आठवत नाही. ग्राफपेपर मात्र डझनाने आणायचे. चंडीगडच्या सतरा सेक्टरातल्या दुकानातले, हिरव्या बारीक चौकटींचे, मागची बाजू कोरी असलेले. कुठलीही गोष्ट डोक्यात शिरायची म्हणजे ती आधी कागदावर आडवी-उभी मांडायला लागायची. फ्रीज घ्यायचं ठरलं तेव्हा एका रेषेवर लिटर आणि दुसरीवर स्वयंपाकघरातली मोकळी जागा असा आलेख झाला, आणि तो इतका झकास झाला की फ्रीज यायला दोन उन्हाळे गेले. तोवर वसुधा बिचारी पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून दूध सांभाळत होती.

ही वसुधा कुरुंदवाडची. बीएस्सी बीएड, गणित घेऊन. अंगाने ठेंगणी, चालायला लागली की तुरुतुरु, आणि बोलायला लागली की हातात खडू नसला तरी बोटं हवेत लिहायची. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या मागे डेहराडूनला गेली, तिथे एका शाळेत शिकवायला लागली, तर वर्षभरात कानपूर आलं. कानपुरात दीड वर्ष शिकवलं, तर नवऱ्याला चंडीगडच्या तीस सेक्टरात उपकरणांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. दरवेळी हिची नोकरी कच्ची. कच्च्या नोकरीचं बरं असतं, ती सोडताना कुणी 'अरेरे' म्हणत नाही. हुपरीकरही म्हणाले नाहीत. ते फक्त सामानाच्या पेट्या मोजायचे.

चंडीगडला आल्यावर दोन वर्षं ती घरीच बसली आणि मग तिला पिंजौरच्या एका मुलींच्या शाळेत जागा मिळाली. ही पण कच्चीच. सकाळी आठला निघायचं, रिक्षाने सव्वीस सेक्टरच्या चौकात जायचं, काल्क्याची बस पकडायची, पोलिसांच्या नाक्यावर उतरायचं, पिशव्या दाखवायच्या, परत चढायचं. पंजाबात अतिरेक्यांचे दिवस होते ते, सगळ्यांचंच असं होतं. बसमध्ये बेवारशी पिशवी दिसली की पहिल्यांदा आवाज बंद व्हायचा आणि मग बस रिकामी. एकदा वसुधाच डबा सीटवर विसरून उतरली होती. जवानाने लांब काठीने झाकण उडवलं, तर आत लसणाची चटणी आणि भाकरी. जवान चार पावलं मागे सरकला तो वासाने सरकला, असं वसुधा सगळ्यांना हसून सांगायची. हसून सांगायची खरी, पण त्या दिवसापासून डब्याची दोरी मनगटाला बांधून बसायची. जुलैपासून बसमधून उतरवून मारलेल्या माणसांच्या ज्या बातम्या यायला लागल्या होत्या, त्या तिनेही वाचल्या होत्या की.

तर त्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या शुक्रवारी, शाळेच्या हेडमिस्ट्रेस मिसेस सूद यांनी तिला बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. गणिताची जागा पक्की होत होती. पुढच्या शनिवारपर्यंत सही, नाहीतर अंबाल्याची एक बाई वाट बघत बसलेली आहे, असं मिसेस सूद यांनी फार गोड आवाजात सांगितलं. वसुधाने तो कागद बसमध्ये चार वेळा वाचला. चाळिशीला दोन कमी असताना पहिल्यांदा एका कागदावर तिचं नाव होतं आणि नावाच्या पुढे 'स्थायी' असं होतं. नाक्यावर जवानाने पर्स उघडायला लावली तेव्हा तिला मनातून वाटलं, हा कागद त्यानेही वाचावा.

घरी हुपरीकरांनी कागद वाचला, घडी जशी होती तशी परत घातली, आणि विचार करायला हवा असं म्हणाले. हुपरीकर विचार करणार म्हणजे काय, ते घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. रविवारी सकाळी टेबलावरची तिळाची परात खाली गेली आणि ग्राफपेपर वर आला.

त्यांची मुलगी नयना नववीत होती. मराठी समजायचं सगळं, पण उत्तर हिंदीत. ती आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, बाबा ने पेन्सिल छील ली. अब तू गई."

दुपारपर्यंत आलेख तयार झाला. आडव्या रेषेवर वसुधाचे शाळेतले तास, उभ्या रेषेवर तिचे रस्त्यावरचे तास. शाळा सहा तासांची, तेव्हा सहाच्या अलीकडे चालायचं नाही, म्हणून सहावर एक उभी रेघ. रस्ता जाऊन-येऊन, नाके धरून दोन तासांचा, त्याच्या खाली चालायचं नाही, म्हणून दोनवर एक आडवी रेघ. इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. मग तिसरी रेघ तिरकी, लाल शाईची. शाळा अधिक रस्ता मिळून साडेसात तासांच्या वर चालायचं नाही. त्या रेघेवर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'सुरक्षा'.

आता हुपरीकरांची पद्धत अशी की जो भाग नको तो काळा करायचा, म्हणजे जो पांढरा उरेल तो आपला. वसुधा मुलींना उलट शिकवायची, हवा तो भाग रंगवा. यावरून दोघांत कानपुरात चार दिवस अबोला होऊन गेला होता, त्यामुळे आता तो विषय कुणी काढत नव्हतं. तर हुपरीकरांनी सहाच्या डावीकडे काळं केलं, दोनच्या खाली काळं केलं, आणि लाल रेघेच्या वरती काळं केलं. कागदभर पेन्सिल. तवा परवडला. सहा आणि दोन आठ होतात, हे बालवाडीतलं पोर सांगेल. ते साडेसातात कसे बसायचे? पांढरं कुठे म्हणून काही उरलंच नव्हतं.

"बघ," हुपरीकर म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण काम नीट झाल्याचं समाधानही होतं. "मी नाही म्हणत नाहीये. आलेख नाही म्हणतोय."

वसुधाने विचारलं, लाल रेघेची कुठली बाजू ठेवायची हे कसं ठरवलं. म्हणजे तिला माहीत होतं, रोज शिकवत होती ती. पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"शून्य-शून्य टाकून बघायचं. शाळेत शून्य तास, रस्त्यावर शून्य तास. बेरीज शून्य. साडेसातपेक्षा कमी. बसतंय."

"शून्य-शून्य म्हणजे मी घरात बसलेली."

"गणितात तसं नाव देत नाहीत."

"आणि सहाच्या रेघेत टाकलं तर?"

"तिथे नाही बसत," हुपरीकर प्रामाणिकपणे म्हणाले. "पण ती रेघ शाळेची आहे. शाळा सोडली की ती रेघ जाते."

वसुधाने परात उचलून परत टेबलावर ठेवली आणि तिळगूळ वळायला बसली. तापल्या पाकाने बोटं भाजत होती तरी थांबली नाही. नवरा दुष्ट असता तर सोपं होतं. बायका दुष्ट नवऱ्याशी भांडतात, आयाबहिणींना पत्रं लिहितात. पण हा माणूस रोज पेपरातल्या बातम्या वाचून खरंच पांढरा पडायचा, आणि संध्याकाळी तिला यायला उशीर झाला की फाटकापाशी उभा राहायचा. त्याची भीती खोटी नव्हती. तिची पण नव्हती. म्हणून तर त्या रेघेला हात लावायला जीव होत नव्हता.

तो आलेख सोमवारी फ्रीजवर चिकटला. मंगळवारी वसुधाने काय केलं, तर तो सरळ अकरावीच्या वर्गात नेला. कागद नव्हे, गणित नेलं. जानेवारीत वर्ग उन्हात भरायचे, फळा पेरूच्या झाडाला टेकवून. तेवीस मुली सतरंजीवर, अर्ध्या शाली गुंडाळून, अर्ध्या एकमेकींच्या वेण्यांशी खेळत. तिने फळ्यावर लिहिलं, एक बाई कामावर जाते, इतके तास काम, इतके तास रस्ता, दोन्ही मिळून साडेसातच्या वर नाही. भाग रंगवा.

पाच मिनिटांनी सगळ्या मुली रंगीत पेन्सिली हातात धरून एकमेकींच्या वह्यांत डोकावायला लागल्या. रंगवायला जागाच सापडेना. एकीला वाटलं आपली पट्टी वाकडी आहे. दुसरीने विचारलं, चुकीचा प्रश्न आला तर बोर्ड सगळ्यांना मार्क देतं ना? सगळ्यात मागे बिमला म्हणून एक मुलगी बसायची. पिंजौरजवळच्या मल्ल्याच्या बाजूच्या गावातली, रोज चार किलोमीटर चालत यायची, गणितात अशी की कधी कधी वसुधाच पुस्तकात उत्तर तपासायची. ती उठली.

"मैडम, पहली दो लाइनें तो मजबूरी की हैं. काम है तो उतना लगेगा ही. ये तीसरी किसकी मर्ज़ी है?"

वसुधाने सांगितलं, घरच्यांची. अंधार पडायच्या आत परत यायला हवं म्हणून.

बिमलाने आकाशाकडे असं बघितलं जसं काही उत्तर तिथे लिहिलेलं आहे. तिने हिशेब केला तो शेतावर जाणाऱ्या माणसाचा हिशेब. आठला बऱ्यापैकी दिसायला लागतं. पाचपर्यंत चांगलं दिसतं. आठ ते पाच नऊ. "तो नौ होना चाहिए, मैडम. साढ़े सात पे तो सूरज सिर पे खड़ा होता है."

बाकीच्या मुली हसल्या. वसुधाने साडेसात पुसून नऊ लिहिलं. रेघ वर सरकली, आणि खाली एक त्रिकोण उघडला. एक कोपरा सहा आणि दोनचा, एक सात आणि दोनचा, एक सहा आणि तीनचा. छोटासाच, समोशाएवढा. तिने गुलाबी खडूने तो रंगवला आणि मग इतका वेळ त्याच्याकडे बघत राहिली, की मुलींना वाटलं तास संपला.

घरी आल्यावर तिने ठरवलं की विचारायचं. नऊचं साडेसात का? पण हुपरीकरांना नुसतं विचारून उपयोग नसायचा. ते म्हणायचे, नाके. नाके तर रस्त्याच्या तासांत आधीच धरलेत. मग म्हणायचे, धुकं. धुकं सकाळी असतं. मग म्हणायचे, एकंदरीत. 'एकंदरीत'च्या पुढे या जगात कुणी जाऊ शकलेलं नाही.

गुरुवारी संक्रांतीची सुट्टी होती आणि हळदीकुंकू हुपरीकरांकडे. चंडीगडातल्या मराठी बायका, म्हणजे कुणी इस्पितळातल्या डॉक्टरांच्या, कुणी युनिव्हर्सिटीतल्या, कुणी बँकेतल्या, कोपऱ्याकोपऱ्यातल्या सेक्टरांतून आल्या. संध्याकाळी कोण बाहेर पडणार, म्हणून बोलावणं दुपारी तीनचं. आणि बायकांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून प्रत्येकीबरोबर नवरा. असं हळदीकुंकू कुरुंदवाडात कुणी पाहिलं नसेल. आतल्या खोलीत बायका, बाहेरच्या खोलीत पुरुष, आणि दोन्हीकडे तिळगूळ सारखाच.

बाहेरच्या पुरुषांचं लक्ष फ्रीजकडे गेलं. हुपरीकरांनी आलेख काढून टेबलावर ठेवला आणि समजावून सांगितला. आणि काय सांगावं, त्या घोळक्यात जी काही वाहवा झाली, ती त्यांना प्रयोगशाळेत नऊ वर्षांत मिळाली नसेल. भांडण नको, वाद नको, बायकोने 'का' विचारलं की कागद पुढे. डॉक्टर दिगंबर केतकर तर खूषच झाले. त्यांची बायको लीना युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत होती, चौदा सेक्टरपर्यंत रोज बसने जायची, आणि डॉक्टरांना तिच्याशी बोलून काही पटवता येत नव्हतं. बोलणं हा लीनाचा प्रांत होता. त्यांनी विचारलं, याची एक कॉपी मिळेल का? मग बँकेतल्या हेरंबरावांनाही हवी झाली. मग सगळ्यांनाच.

तेव्हा झेरॉक्स सतरा सेक्टरला जाऊन काढावी लागे. तेवढा दम कुणाला नव्हता. डॉक्टरांनी कोरा कागद मागितला, आलेख पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर धरला, वर कोरा कागद ठेवला आणि पेन्सिलने गिरवायला लागले. लहानपणी नकाशे गिरवतात तसं. चारचं ऊन थेट काचेवर होतं. तीन रेघा गिरवून झाल्या आणि डॉक्टर थांबले. म्हणाले, इथे मागून काहीतरी दिसतंय, उलटं आहे, हेही गिरवायचं का?

लीना तेव्हाच तिळगुळाची ताटली घेऊन बाहेर आली होती. तिने नवऱ्याच्या हातातून मूळ कागद घेतला आणि उलटला.

आता हुपरीकर कसे होते बघा. दुसरा कुणी असता तर कच्चं काम वेगळ्या चिटोऱ्यावर करून चुलीत घातलं असतं. हे उपकरणातले. आकडा कुठून आला ते कागदावरच असलं पाहिजे, असा त्यांचा आयुष्यभराचा नेम. म्हणून कोऱ्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, चौकट आखून, सगळी वजाबाकी होती. लीनाने ती मोठ्याने वाचली, लायब्ररीत पुस्तकाचा नंबर वाचावा तशी.

"अंधाराआधी, पाच. वजा भाजी आणणे, अर्धा तास. वजा कणीक आणि पोळ्या, अर्धा तास. वजा मी येण्यापूर्वी गरम खाणं आणि चहा, अर्धा तास. बाकी साडेतीन. सकाळी आठपासून साडेसात तास. तपासले, कृ. हु."

आतल्या खोलीतल्या बायका दाराशी येऊन उभ्या होत्या. कुणीतरी पदर तोंडात कोंबला. हेरंबरावांनी तिळगुळाचा लाडू पूर्ण तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागू नये.

वसुधा शेवटी आली. तिच्या हातात कुंकवाची कोयरी होती. पंजाबातले सगळे नाके, सगळ्या रायफली, सगळं धुकं धरून तिला नऊ तास मिळत होते. दीड तास कापला होता तो पोळ्यांनी. आणि वर नाव कुणाचं, तर सुरक्षेचं. तिला वाटलं आता आपण ओरडणार. पण वर्षानुवर्षं मुलींच्या वह्या तपासून जी सवय लागते, ती वेळेला कामाला येते.

"अहो," ती म्हणाली, "यातला कुठला अर्धा तास अतिरेक्यांचा?"

हसण्यासारखं होतं, पण नाही हसलं कुणी.

हुपरीकरांचा चेहरा लाल झाला, आणि तो कशाने झाला ते फक्त वसुधाला कळलं. पोळ्यांची त्यांना लाज वाटत नव्हती, पोळ्या त्यांना जगाच्या आरंभापासून आलेल्या वाटत होत्या. आलेखावर एका रेघेला चुकीचं नाव पडलं होतं, आणि ते तपासले म्हणून खाली त्यांची सही होती. हे त्यांना सहन होईना. त्यांनी डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल घेतली, नवा ग्राफपेपर काढला, आणि सगळ्यांच्या देखत, उभ्या-उभ्याच, तीन रेघा पुन्हा आखल्या. तिसरी नऊवर. तिच्यावर लिहिलं, 'उजेड'. नको तो भाग काळा केला. मधोमध पांढरा त्रिकोण उरला.

"आणि ती साडेसातची?" वसुधाने विचारलं.

"तिचं नाव चुकलं होतं."

"मग खरं नाव द्या की."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. डॉक्टर केतकरांनी आपली अर्धी गिरवलेली कॉपी हळूच घडी करून खिशात घातली. लीनाने ती खिशातून काढली.

गोष्ट इथेच संपली असती तर बायकांनी पुढची दहा हळदीकुंकवं यावर काढली असती. पण शुक्रवार यायचा होता.

शुक्रवारी वसुधा शाळा सुटल्यावर, त्रिकोणाच्या आत, मजेत बसमध्ये बसली. पंचकुल्याच्या अलीकडे बस थांबली. पुढे कुठेतरी काहीतरी झालं होतं किंवा होणार होतं, सांगत कुणी नव्हतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पुरुषांच्या रांगेतल्या एका पगडीवाल्या म्हाताऱ्याला जवानाने तीन वेळा नाव विचारलं आणि तीन वेळा त्याने तेच सांगितलं. पाच वाजले. साडेपाच वाजले. शेतावरून थंडी सरकत आली. शेजारची एक बाई मुळा सोलून सगळ्यांना फोडी देत होती. बायकांच्या रांगेत कुणीतरी आपल्या सासूचं काही सांगितलं आणि सगळ्या हसल्या, वसुधाही हसली, आणि हसता हसता तिने डब्याच्या दोरीचा मनगटाला आणखी एक वेढा दिला. दिवा नसलेल्या रस्त्यावर समोरून एक जीप येत होती. ती कुणाची असेल, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. जीप निघून गेली. मुळा परत फिरायला लागला.

सहानंतर बस सोडली. सव्वीसच्या चौकात ती उतरली तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. हुपरीकर मफलर गुंडाळून खांबाखाली उभे होते. चारपासून तिथेच होते म्हणे, काल्क्याकडून आलेल्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला विचारत. शेवटचे कंडक्टर त्यांना बघूनच लांबून हात हलवायला लागले होते, नाही, नाही म्हणून. तिला बघून ते पुढे आले. तिची पिशवी घेतली. स्कूटर सुरू होईना, म्हणून दोघं ती ढकलत निघाली.

वसुधा वाट बघत होती. आता तो म्हणणार. आणि म्हणाला असता तर बरोबरच होतं, कारण नऊची खरी रेघसुद्धा आज पुरली नव्हती. तीस सेक्टरचं वळण आलं तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "आज नऊच्या बाहेर गेलं."

"हं," हुपरीकर म्हणाले. बरंच पुढे गेल्यावर म्हणाले, "नोकरी सोड, असं मी त्या खांबाला चारपासून सांगतोय. तुला सांगायचं होतं. पण आता माझ्या सांगण्यात कशाकशाची वजाबाकी आहे, माझं मलाच कळेना. तू ठरव."

लग्नाच्या सतरा वर्षांत या माणसाने कागदाशिवाय केलेलं हे सगळ्यात लांब बोलणं. वसुधाने ऐकलं आणि तिला राग आला, खोटं कशाला सांगायचं. इतकी वर्षं सगळं यांनी स्वतः ठरवलं, आणि जिथे खरंच भीती वाटत होती, कुणीतरी 'जा' म्हणावं किंवा 'नको' म्हणावं असं वाटत होतं, नेमकं तिथे येऊन साहेबांना नम्रता सुचली. तिने घरी येऊन पातळ पिठलं टाकलं, तिघांनी खाल्लं, आणि ती झोपली. झोप लागली नाही, पण झोपली.

शनिवारी आठला ती निघाली. बस भरलेली होती. कालच्यातले निम्मे लोक तेच होते, मुळ्याची बाईसुद्धा होती. वसुधाला का कोण जाणे त्याचंच बरं वाटलं. नाक्यावर उतरली, पिशवी दाखवली, चढली.

मिसेस सूद यांच्या टेबलावर कागद ठेवला होता. वसुधाने तो आणखी एकदा वाचला आणि सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याच्या आडनावासकट, अक्षर जरा वर चढलेलं. मिसेस सूद यांनी तोंड भरून मुबारक म्हटलं, बर्फी मागवली, आणि बर्फी येईपर्यंत खणातून सोमवारचं नवं वेळापत्रक काढलं. त्यात वसुधाच्या नावापुढे एक जादा तास होता. अकरावीचं जादा गणित, सुटल्यानंतर, चारपर्यंत. सहाचे सात.

वसुधाने बघितलं. सात आणि दोन नऊ. कोपऱ्यावर बसत होतं, काठोकाठ, एक नाका जरी लांबला तरी बाहेर. एका आठवड्यापूर्वी ती हेही घेऊन मुकाट उठली असती, वर थँक्यू म्हणाली असती.

"छह, मैडम," ती म्हणाली. "सात नहीं होगा."

मिसेस सूद यांच्या भुवया वर गेल्या. बाकीच्या बाया थांबतात की. आणि आता तर पक्की झाली ना, आता कसली भीती? कालपर्यंत कच्ची होती तेव्हा कधी नाही म्हटलं नाही.

"तब कच्ची थी," वसुधा म्हणाली.

मिसेस सूद यांनी तिच्याकडे बघितलं, अंबाल्याच्या बाईची आठवण काढत असाव्यात. पण सही झाली होती, शाईही वाळली होती. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि जादा तासावर काट मारली, कागद फाटेल इतक्या जोराने. वसुधाने बर्फीचा तुकडा उचलला, आणि बिमलाला मधल्या सुट्टीत अर्धा तास बसवून ते जादा गणित शिकवता येईल का, ते विचारायला वर्गाकडे गेली.